एमआयडीसीजवळच्या छोट्या हॉस्पिटलने केमिकल इमर्जन्सीची तयारी कशी करायची (सुरुवात गेटवरून)

सगळ्यात आधी एक काम करा. आपल्या हॉस्पिटलच्या वॉचमनकाकांना जाऊन विचारा की काका, समजा आत्ता एक टेम्पो आला, मागे सहा माणसं खोकतायत, कपडे ओले, डोळे लालभडक आणि कसलातरी उग्र वास येतोय, तर तुम्ही काय करणार? ते म्हणतील, काय करणार मॅडम, गेट उघडणार आणि स्ट्रेचर बोलवणार.

आमच्याकडेही हेच उत्तर होतं आणि एका रात्री नेमकं हेच झालं. चाळीस बेडचं हॉस्पिटल, एमआयडीसी तीन किलोमीटरवर, मी आधी तिथे इन्चार्ज सिस्टर होते आणि आता ॲडमिन बघते. छोटा हत्ती थेट कॅज्युअल्टीच्या पायरीला लागला, वॉर्डबॉय मामांनी माणसं उचलून बेडवर टाकली, आणि दहा मिनिटांत ज्युनियर डॉक्टरच्या डोळ्यातून पाणी, सिस्टरला ठसका, शेजारच्या बेडवर पोटात दुखतंय म्हणून आलेल्या आजींना श्वास लागला. पेशंट सहाचे नऊ झाले. कॅज्युअल्टी चार तास बंद ठेवून सगळं धुवून काढावं लागलं. कुणी गेलं नाही हे नशीब, तयारी शून्य होती.

तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यात बसलाय. आपण समजतो की फायर ब्रिगेड येईल, लोकांना जागेवर धुतील, मग १०८ मधून स्वच्छ पेशंट आपल्याकडे येतील. असं होत नाही. २० मार्च १९९५ ला टोकियोच्या मेट्रोत सरीन हा विषारी वायू सोडला तेव्हा सेंट ल्यूक्स नावाच्या हॉस्पिटलात एका दिवसात सहाशेच्या वर लोक आले, बहुतेक चालत नाहीतर टॅक्सीने नाहीतर कुणाच्या तरी गाडीतून, म्हणजे अंगावर जे होतं ते घेऊनच. त्यांच्या स्टाफपैकी साधारण पाव लोकांना त्रास झाला, आणि सगळ्यात जास्त झाला तो चॅपेलमध्ये, म्हणजे हॉस्पिटलच्या प्रार्थनागृहात, कारण जागा नाही म्हणून पेशंट तिथे ठेवलेले आणि तिथे हवाच खेळत नव्हती. जपानचं हे, तर आपल्याकडे रिक्षा आणि टेम्पोच येणार, आणि पंधरा मिनिटांत येणार.

म्हणून सगळं गेटवर ठरतं.

गेटवर काय करायचं

वॉचमनला एकच वाक्य पाठ करून द्या: वास, ओले कपडे किंवा एकदम तीन-चार जण एकाच तक्रारीचे, यातलं काहीही दिसलं की गाडी बाहेर थांबवायची, आणि मग फोन. हात लावायचा नाही, जवळ जायचं नाही, वाऱ्याकडे पाठ करून लांबून बोलायचं. त्याला तो अधिकार लेखी द्या, कारण टेम्पोत बसलेला सुपरवायझर आरडाओरडा करणार, "माणूस मरतोय आणि तुम्ही गेट लावता?", आणि काकांना वाटणार की आपली नोकरी जाईल. आमच्या काकांकडे मोठ्या डॉक्टरांच्या सहीचा कागद आहे, लॅमिनेट केलेला, ते तो अभिमानाने दाखवतात.

कॅज्युअल्टीचा दरवाजा आतून लावता आला पाहिजे. हे सांगायला वेडेपणाचं वाटतं पण आमच्या दरवाजाला कडीच नव्हती. वेगळी वाट कुठली, पेशंट कुठून आत घ्यायचे, नॉर्मल पेशंट आणि नातेवाईक कुठून येणार, हे आधी ठरवा आणि जमिनीवर ऑइलपेंटने पट्टे मारा. लाल पट्ट्याच्या बाहेर घाण, पिवळ्या भागात धुणं, हिरव्याच्या आत हॉस्पिटल. पिवळ्यातला माणूस कपडे न बदलता हिरव्यात येणार नाही, मग तो मोठा डॉक्टर असो नाहीतर मालक.

वारा बघायला गच्चीवर एक कापडी पट्टी बांधा, दहा रुपयात काम होतं. कोकणपट्टीत दिवसा समुद्राकडून वारा येतो आणि रात्री उलटा फिरतो, त्यामुळे धुण्याची जागा शक्यतो दोन ठिकाणी ठरवा, पुढे एक आणि मागे एक.

कपडे, मग पाणी

अंगावरचं बहुतेक केमिकल नुसते कपडे काढल्याने जातं. हे एवढं सोपं आहे पण इथेच सगळं अडतं, कारण भर रस्त्यात कोण कपडे काढणार. बायका तर नाहीच नाही, आणि त्यात चूक काय. त्यासाठी महागडा इम्पोर्टेड तंबू लागत नाही, मंडपवाला लागतो. आमचा गणपतीचा मंडपवाला आहे त्याच्याशी ठरवून घेतलंय, चार बांबू, जाड हिरवं कापड, मधून पार्टिशन, एक बाजू बायकांची एक पुरुषांची. त्याला रात्री बोलावलं तर कधी येणार, म्हणून सांगाडा कायमचा उभा करून ठेवलाय पार्किंगला, कापड फक्त ओढायचं. बायकांच्या बाजूला मावशी आणि सिस्टरच. बाहेर पडताना गाऊन आणि चादर हातात मिळणार हे आधी सांगितलं की निम्मी कुरकुर थांबते.

शर्ट, टीशर्ट डोक्यावरून ओढू नका, तोंडावरून डोळ्यावरून सगळं फिरतं. कात्रीने पुढून कापा. बूट, मोजे, पट्टा, घड्याळ सगळं काढायचं. कमरेचा करदोडा, हातातला गंडा, देवाचा धागा हे लोक विसरतात, आणि दोरा केमिकल पिऊन बसतो, तो कापावाच लागतो, विचारून कापा. मंगळसूत्राला मात्र कात्री लावायची गरज नाही, सोन्याच्या साखळीत असेल तर साबणाने धुवून परत द्या, काळ्या पोतीचं असेल तर समजावून काढून घ्या आणि तिच्या डोळ्यासमोर पिशवीत टाका. प्रत्येकाची पिशवी वेगळी, दोनदा गाठ मारलेली, आणि तिच्यावर तोच टोकन नंबर जो त्याच्या मनगटावर. मोबाईल आणि पगाराचे पैसे यावरून नंतर भांडणं होतात, मी सोडवलीयत.

आता पाणी. अंगावर पावडर असेल, चुना किंवा तसलं काही, तर आधी कोरड्या कापडाने झटकून पुसून घ्या, मग पाणी. ॲसिड, अल्कली (कॉस्टिक सोड्यासारखं) किंवा जळजळ होतेय तर वाट बघू नका, भरपूर पाणी. फक्त गॅस हुंगलाय आणि कपडे कोरडे आहेत अशा माणसाचे बाहेरचे कपडे काढले, तोंड-केस धुतले तरी बहुतेक वेळा पुरतं, त्याला पाच मिनिटं आंघोळ घालून रांग अडवू नका. पाणी जोरात मारायचं नाही, फायर होजचा फवारा चामडी सोलून केमिकल आत ढकलतो. साधा शॉवर किंवा बागेची नळी, साधा भांड्याचा साबण, डोक्याकडून पायाकडे, काखा, कानामागे, नखं.

किती पाणी लागेल ते असं काढा. आमच्या नळीने वीस लिटरची बादली भरायला सव्वा मिनिट लागतं, म्हणजे मिनिटाला सोळा लिटर, एका माणसाला पाच मिनिटं धरली तर ऐंशी लिटर, वीस माणसांना सोळाशे. म्हणून आम्ही गेटजवळ हजार लिटरच्या दोन टाक्या वेगळ्या ठेवल्या, हॉस्पिटलच्या मेन टाकीला हात लावायचा नाही. खालचं पाणी पावसाळी गटारात जाऊ नये म्हणून वाळूची पोती आणि ताडपत्री तयार असू द्या, पण माणूस गुदमरतोय आणि तुम्ही ताडपत्री पसरताय असं करू नका. आधी माणूस.

डोळे वेगळे धुवायचे. सलाइन किंवा आरएलची (रिंगर लॅक्टेटची) बाटली, सेट जोडून, पापणी उघडी धरून, निदान पंधरा-वीस मिनिटं, अल्कली गेलं असेल तर त्याहून बरंच जास्त. थांबायचं कधी हे अंदाजाने नाही ठरवायचं, ॲसिड-अल्कली किती उरलंय ते रंगाने दाखवणाऱ्या पीएच पेपरने ठरवायचं, सातच्या आसपास आला की पाच-दहा मिनिटं थांबून परत बघायचं. पीएच पेपरची वही शाळेच्या लॅबला सामान देणाऱ्या दुकानात मिळते, किरकोळ किंमत, पण कितीतरी कॅज्युअल्टीत ती नसते.

स्टाफने काय घालायचं

कोविडचे उरलेले पांढरे किट काढून ठेवलेत आणि तयारी झाली असं समजू नका. ते जंतूंसाठी होते, केमिकलचं पाणी त्यातून झिरपतं. आणि एन-९५ ने गॅस अडत नाही, अजिबात नाही, हे मोठ्या अक्षरात लिहून लावा. धुणाऱ्या टीमला केमिकल अडवणारा सूट, लांब गमबूट, नायट्राइलचे दोन-दोन ग्लोव्ह्ज किंवा जाड ब्युटाइल रबरचे, आणि काडतूस (गॅस गाळणारा फिल्टर) लावायचा पूर्ण चेहऱ्याचा मास्क पाहिजे. काडतुसं रंगाने ओळखतात आणि वेगवेगळ्या गॅसला वेगवेगळी, अमोनियाला हिरवं, सॉल्व्हंटच्या वाफेला तपकिरी, त्यामुळे आपल्या एमआयडीसीत काय आहे ते बघूनच घ्या, सगळं चालणारं कॉम्बिनेशन मिळालं तर उत्तम. त्याची तारीख संपते. आणि जिथे ऑक्सिजनच कमी आहे, टँकच्या आत वगैरे, तिथे काडतूसवाला मास्क घालून जाणारा माणूस मरतो, ते काम फायर ब्रिगेडचं, आपलं नाही.

चार सेट घ्या, चाळीस नको. पण चार जणांनी ते घालून दुपारी दोनला वीस मिनिटं उन्हात उभं राहून बघा. आमच्या एका मामांना पंधराव्या मिनिटाला चक्कर आली. तेव्हापासून वीस मिनिटांची पाळी, आत जायच्या आधी पाणी पिऊन, आणि शेजारी घड्याळ घेऊन एकजण. सूट काढताना जास्त गडबड होते, घालताना नाही, म्हणून काढताना समोर एकाने मोठ्याने पायरी वाचून दाखवायची.

काय आहे ते कळणार कसं

भोपाळला १९८४ च्या डिसेंबरात डॉक्टरांसमोर हजारो माणसं होती आणि हा गॅस नेमका करतो काय, याची माहिती त्यांना कुणी दिलेली नव्हती. आपली वेळ तशी येऊ नये म्हणून आधीच कंपन्यांच्या दारात जा. धोकादायक केमिकल मोठ्या प्रमाणात ठेवणाऱ्या कारखान्याला १९८९ च्या नियमांनुसार ऑनसाइट प्लॅन, म्हणजे कारखान्याच्या आत अपघात झाला तर काय करायचं याचा आराखडा, ठेवावा लागतो, त्याचं ड्रिल दर सहा महिन्यांनी घ्यावं लागतं, आणि १९९६ च्या नियमांनुसार जिल्ह्याला आणि औद्योगिक पट्ट्याला क्रायसिस ग्रुप असतो, जिल्ह्याचा कलेक्टरच्या अध्यक्षतेखाली. त्या लोकल ग्रुपच्या मीटिंगला आपल्याला बोलवा असं पत्र प्रांत ऑफिसला आणि डिशला, म्हणजे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला द्या, आणि पोच घ्या. एका पत्राने होत नाही, माझ्या तिसऱ्या पत्राला उत्तर आलं.

प्रत्येक कंपनीचा सेफ्टी ऑफिसर असतो, तो बहुतेक वेळा चांगला माणूस असतो आणि त्याला पण कुणीतरी विचारावं असं वाटत असतं. त्याच्याकडून फक्त तीन गोष्टी घ्या: सगळ्यात जास्त साठा कशाचा, सगळ्यात भीती कशाची, आणि त्यांच्या सेफ्टी डेटा शीट, म्हणजे प्रत्येक केमिकलचे धोके आणि उपाय लिहिलेले कागद. त्या शीट फाइलमध्ये पुरून ठेवू नका, प्रत्येक केमिकलचं एका पानाचं मराठी कार्ड करा, वास कसा, त्रास काय, औषध कुठलं, किती तास ठेवायचं. टँकर उलटला तर त्याच्या पाटीवरचा चार आकडी यूएन नंबर लांबूनच वाचून सांगायचा, १००५ म्हणजे अमोनिया, १०१७ म्हणजे क्लोरीन. भिंतीवर १०८, ११२, जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७, आणि दिल्लीच्या एम्समधलं विष माहिती केंद्र चोवीस तास चालतं त्याचा नंबर, सगळे मोठ्या अक्षरात.

वासावर मात्र पूर्ण विसंबू नका. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो, पण जास्त झाला की नाकच बधिर होतं, माणसाला वाटतं गॅस गेला. ड्रेनेजच्या टाकीत एकामागून एक माणसं जातात ती अशीच.

औषधांचं कपाट

डोस डॉक्टर ठरवतील, मी फक्त स्टॉकचा हिशोब सांगते, कारण तिथेच सगळ्यांची फसगत होते. कीटकनाशक बनवताना किंवा फवारताना होणारी विषबाधा घ्या, ऑर्गॅनोफॉस्फेटची. तिच्यावरचं औषध ॲट्रोपिन, आपल्याकडे त्याचं ॲम्प्युल ०.६ मिलिग्रॅमचं. तीन ॲम्प्युलने सुरुवात केली आणि छातीतलं पाणी सुकेपर्यंत दर पाच मिनिटांनी दुप्पट करत गेलं तर तीन, सहा, बारा, चोवीस, म्हणजे पाव तासात एका पेशंटला पंचेचाळीस. आता कपाट उघडून मोजा किती आहेत. आमच्याकडे तीस होती आणि आम्हाला वाटायचं भरपूर आहेत. याच विषबाधेचं दुसरं औषध पॅम (प्रॅलिडॉक्सिम), त्याचाही असाच हिशोब काढा.

रंग आणि औषधांचा कच्चा माल बनवणाऱ्या पट्ट्यात ॲनिलीन, नायट्रोबेंझीन असतं, त्यात माणूस निळा-राखाडी पडतो, ऑक्सिजन लावूनसुद्धा बोटावरचं मशीन ८५ च्या आसपास अडकून बसतं. पांढऱ्या गॉजवर त्याच्या रक्ताचा एक थेंब टाका आणि शेजारी आपला एक टाका. आपला हवेत लाल होतो, त्याचा चॉकलेटी तो चॉकलेटीच राहतो. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा विश्वास बसला नव्हता. त्याला इंजेक्शनची मिथिलीन ब्लू लागते, आणि असा पेशंट आला त्या रात्री आमच्या स्टोअरवाल्याने धावत जाऊन लॅबमधली स्लाइड रंगवायची बाटली आणली होती. तीच निळी पण ती शिरेत द्यायची नसते. त्या बाटलीवर आता मोठी फुली आहे. देण्याआधी जी-६-पीडीचा प्रश्न डॉक्टर विचारतीलच, कारण रक्तातलं हे एन्झाइम कमी असलेल्याला हे औषध बाधू शकतं.

हायड्रोफ्लोरिक ॲसिड वापरणारी कंपनी जवळ असेल तर कॅल्शियम ग्लुकोनेट जेल पाहिजेच, जखम छोटी दिसते आणि दुखणं मात्र भयंकर, आणि कॅल्शियम खाली जाऊन हृदय थांबू शकतं. तयार जेल मिळालं नाही तर १० टक्क्यांचं २५ मिली इंजेक्शन आणि ७५ मिली पाण्यात विरघळणारी जेली, झालं अडीच टक्क्यांचं. प्लेटिंगचे कारखाने असतील तर सायनाइडचं औषध लागतं, ते महाग आणि मिळायला कठीण, म्हणून जवळच्या मोठ्या हॉस्पिटलशी लेखी ठरवून ठेवा. क्लोरीन, अमोनियाला खास औषध नाही, ऑक्सिजन आणि नेब्युलायझेशन, तेव्हा मास्क, सिलिंडर, जोडण्या मोजा.

आणि एक, ज्यात माणसं जातात. फॉस्जीन किंवा नायट्रिक ॲसिडच्या लालसर धुराचा माणूस दोन-चार तासांनी म्हणतो बरं वाटतंय, घरी जातो. रात्री फुप्फुसात पाणी भरतं. असा पेशंट निदान चोवीस तास झोपवून ठेवायचा, चालवायचा पण नाही. अशा वेळी कंपनीचा माणूस येतो, किरकोळ आहे हो मॅडम, एमएलसी नको, आमच्या डॉक्टरांकडे नेतो म्हणतो. एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची मेडिको-लीगल केसची नोंद, करायचीच, आणि डॉक्टरांनी नाही म्हटलं असताना नेत असेल तर सही घेऊन.

आतली हवा

गॅसचा ढग जवळून जात असेल तर पेशंट बाहेर काढायची घाई करू नका. व्हेंटिलेटरवरची माणसं रस्त्यावर आणून त्याच हवेत उभी करणार का? एसी, एक्झॉस्ट बंद, खिडक्या बंद, फटीत ओली फडकी. क्लोरीन जड, खाली साचतो, म्हणून तळमजल्याचे पेशंट वर. ७ मे २०२० ला पहाटे विशाखापट्टणमला स्टायरीन गळली तेव्हा लोक झोपेत होते, म्हणून रात्रपाळीला एसीचा मेन स्विच कुठे आहे हे माहीत असलेला माणूस पाहिजे. पण आत घेतलेल्या पेशंटच्या खोलीत मात्र हवा खेळती ठेवा, टोकियोचं चॅपेल आठवा.

बाहेरच्या गॅसइतकाच आतला गॅसही धोक्याचा. संडास धुताना मावशी हायपो (ब्लीचचं पाणी) आणि ॲसिड एकत्र ओततात, दार लावून घेतात, आणि तो जो गॅस निघतो तो क्लोरीनच असतो. दोन्ही बाटल्या एका बादलीत ठेवायच्या नाहीत, वेगळ्या मजल्यावर ठेवा हवं तर. फॉर्मलिनचा कॅन पण ओटीच्या कोपऱ्यात उघडा नको.

स्फोटाचं गणित वेगळं. डोंबिवलीत २६ मे २०१६ ला आणि परत २३ मे २०२४ ला लांबलांबच्या इमारतींच्या काचा फुटून लोक जखमी झाले, म्हणजे केमिकलसोबत टाके घालायची रांग. आपल्याही खिडक्यांना फिल्म लावा आणि बेडचं डोकं काचेखालून हलवा. जनरेटर तळघरात असेल तर २०२१ च्या जुलैत चिपळूणच्या पुराचं पाणी हॉस्पिटलात शिरलं ते आठवा आणि वर न्या. नवजात बाळांच्या खोलीच्या वायरिंगचं ऑडिट करा, ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्यात दहा बाळं गेली. ऑक्सिजन टाकीचा व्हॉल्व्ह कोण बंद करणार त्याचं नाव पाळीनुसार लिहा. या प्रत्येकावर वेगळं लिहावं लागेल, इथे एवढंच.

ड्रिल

मंगळवारी अकराला, सगळ्यांना सांगून, फोटोग्राफर बोलावून केलेलं ड्रिल म्हणजे स्नेहसंमेलन. रात्री पावणेआठला घ्या, पाळी बदलताना. खोटे पेशंट म्हणून नर्सिंगची मुलं घ्या, दोघांना मराठी न येणारे बनवा, कारण निम्मे कामगार यूपी-बिहार-ओडिशाचे असतात आणि "कपडे काढा" हे भोंग्यावर हिंदीत पण म्हणता आलं पाहिजे, चित्रांची पाटी असेल तर अजून बरं. आणि आधी चालत येणारे, ओरडणारे पाठवा, बेशुद्ध माणूस शेवटी, कारण खरंच तसंच होतं आणि तोपर्यंत सगळे बेड भरलेले असतात.

खोट्या पेशंटच्या अंगाला रंगपंचमीचा कोरडा रंग चोळा, दरवेळी वेगळा. ड्रिल संपलं की हातात बॅटरी घेऊन रंग कुठवर पोचला ते शोधत फिरायचं. पहिल्या वेळी गुलाबी रंग स्ट्रेचरवर, स्टेथोस्कोपवर, लिफ्टच्या बटणावर आणि चहाच्या थर्मासवर होता. दुसऱ्या वेळी फक्त पिवळ्या पट्ट्यापर्यंत, सगळे खूश. मग बिलिंगच्या पोराने हात वर केला, त्याच्या तळव्याला हिरवं. एन्ट्रीसाठी गेटवर नेलेलं पेन तो परत घेऊन आला होता. आता गेटचं पेन गेटलाच, सुतळीने बांधलेलं.